नागपूर-मुंबई दीड तास, पण आमच्या गावावरून साडेदहा

डिसेंबरात डोंबिवलीला पुतणीचं बारसं होतं, म्हटलं बाबांना एकदा विमानात बसवू. आमचं गाव पांढरकवड्यापासून १२ किलोमीटर आत, तिथून हायवेनं नागपूर दीडशेच्या आसपास.

तिकिटावर १०.४० ते १२.१५ लिहिलेलं. आता मला सवय आहे हिशोब करायची, नागपूर ते मुंबई सरळ रेषेत साधारण ६८० किलोमीटर (रेल्वेनं ८३७ होतात), विमान वर गेल्यावर ताशी ८०० नं पळते म्हणतात, म्हणजे पाऊण-एक तासात व्हायला पाहिजे, मग हे दीड तास कशाचे लावून राह्यले? तर तिकिटावरचा टाइम म्हणजे जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर लागेपर्यंतचा असतो. रनवेपर्यंत रांगणं, चढताना-उतरताना कमी स्पीड, अन् मुंबईत दोन रनवे एकमेकांना छेदतात म्हणून एका वेळी एकच वापरता येतो, त्यामुळे कधीकधी वरच घिरट्या. ते सगळं धरूनच टाइम देतात.

खरी कसरत आदल्या दिवशी झाली. वेब चेक-इनसाठी घरात रेंज नाही, शेवटी कापसाच्या वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून केलं, तेही तिसऱ्यांदा ओटीपी आल्यावर.

पहाटे ४.३० ला शेजाऱ्याच्या गाडीनं निघालो. बाबा म्हणे, "काऊन रे, दीड तासच लागते तं आतापासून काऊन निघून राह्यलो?" त्यांना सांगितलं की बॅग द्यायचा काउंटर तासभर आधी बंद होते. वडकी, वडनेर, हिंगणघाट, जांबला चहा, बुटीबोरीत ट्रकांची रांग, सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, पोचलो तं ८.१५.

मोठी बॅग १५ किलोपर्यंत चालते, आमची १४ भरली, जीव भांड्यात पडला. पण सिक्युरिटीत बाबांची थैली मशीनमधून दोनदा फिरवली, निघाला काय तं अडकित्ता! चाळीस वर्षं वापरून त्याची मूठ पार गुळगुळीत झालेली. तो मोठ्या बॅगेत टाकायला पाहिजे होता, मी सांगितलंच नव्हतं, चूक माझीच. पण बॅग आधीच गेलेली, अन् शेजारी बाहेर थांबला होता म्हणून वाचला, मी धावत जाऊन त्याच्याजवळ देऊन आलो अन् पुन्हा लाइनीत लागलो. बाबा तोवर जोडे हातात घेऊन उभे, कोणी काढायला सांगितलेही नव्हते.

मी घड्याळ लावून पाहिलं. १०.४४ ला हललं, १०.५५ ला चाकं उचलली, १२.०७ ला टेकली. म्हणजे हवेत ७२ मिनिटं. बाबांनी त्यातली अर्धी खिडकीला नाक लावून काढली, अन् "ही कोणती नदी?" विचारत राह्यले, मला काय माहीत.

मग बॅगेसाठी थांबणं, टॅक्सी, ट्रॅफिक, डोंबिवलीत दारात ३ वाजले. साडेदहा तासांत विमान फक्त ७२ मिनिटं! कोणाला पहिल्यांदा न्यायचं असेल तर तिकिटावरचा आकडा पाहून दिवस ठरवू नका, अन् सुपारीवाल्यांची थैली आधी तपासा.

परतीला नागपूरला दहा मिनिटं लवकर टेकलो. थंडीत वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहते, तो मागून ढकलते. बाबांना समजावून सांगितलं तं म्हणे, "मले वाटलं येताना उतार लागला असन."