पॅराडाईज लॉस्ट, अल्बमवार: लीड गिटारचा माग

पॅराडाईज लॉस्ट या ब्रिटिश मेटल बँडचे सगळे स्टुडिओ अल्बम प्रकाशनाच्या क्रमाने ऐकायचे आणि प्रत्येकातले किमान एक गाणे गिटारवर बसवायचे, हा उपक्रम आता अशा टप्प्यावर आला आहे की ऐकणे २०२५ सालच्या 'असेन्शन'पर्यंत पूर्ण झाले असून वाजवणे मात्र बरेच मागे रेंगाळले आहे. जळगावच्या मे महिन्यात कूलर बंद करून सराव करणे शक्य नसते आणि कूलर चालू असला की खर्जातले सगळे त्याच्या घरघरीत बुडते, त्यामुळे उन्हाळाभर हेडफोनवरच काम भागवावे लागले. त्याचा एक फायदा असा झाला की दोन गिटारी वेगळ्या करून ऐकण्याची सवय लागली, आणि या नोंदीतले बहुतेक म्हणणे त्या सवयीतूनच आले आहे.

या बँडविषयी आपल्या मंडळींत जो वाद होतो तो बहुधा गायक निक होम्सच्या आवाजावरून होतो: तो गुरगुरतो तेव्हाचे खरे आणि गातो तेव्हाचे पाणचट, किंवा नेमके याच्या उलट. माझे मत असे झाले आहे की आवाजावरून या बँडचे कालखंड पाडले तर त्याच्या कारकिर्दीत नुसत्या उड्याच दिसतात. गिटारवादक ग्रेगर मॅकिंटॉशची लीड, म्हणजे चाल वाजवणारी गिटार, धरून चालले तर मात्र सलग रस्ता सापडतो.

बँडची स्थापना १९८८ साली इंग्लंडच्या यॉर्कशर भागात, लोकरीच्या गिरण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या हॅलिफॅक्समध्ये झाली. होम्स, मॅकिंटॉश, ऱ्हिदम गिटारवर (खालच्या कॉर्ड आणि लय धरणाऱ्या) आरन एडी आणि बेसवर स्टीव्ह एडमंडसन हे चौघे तेव्हापासून आजतागायत एकत्र आहेत. बदलत गेले ते ड्रमर. पीसव्हिल कंपनीने काढलेला पहिला अल्बम 'लॉस्ट पॅराडाईज' (१९९०) हा संथ आणि खरबरीत डेथ मेटल, म्हणजे गुरगुरत्या आवाजाचे जड मेटल, आहे. त्यात पुढच्या खुणा शोधता येतात, पण त्या शोधाव्या लागतात, आणि त्यातले एक गाणे बसवून मी पुढे सरकलो.

'गॉथिक' (१९९१) हा मात्र थांबण्याचा मुक्काम आहे. पुढे ज्या शैलीला गॉथिक मेटल म्हटले जाऊ लागले तिच्या उगमाशी या अल्बमचे नाव घेतले जाते, आणि त्याची कारणे म्हणून सहसा सारा मॅरियन या गायिकेचा आवाज व वाद्यवृंदाचे तुकडे यांकडे बोट दाखवले जाते. ती कारणे खरी आहेत, परंतु शीर्षकगीत बोटांखाली घेतले की वेगळीच गोष्ट हाताला लागते. एडी आणि एडमंडसन खाली जड कॉर्ड धरून ठेवतात, त्या फारशा हलत नाहीत, आणि त्यांच्या वर मॅकिंटॉश एकेरी स्वरांची एक करुण ओळ गात राहतो. ही ओळ गाण्याच्या मध्यात वाजवायचा सोलो नव्हे. गाण्याची चाल तीच आहे, आणि होम्सचे गुरगुरणे तालवाद्यासारखे तिच्या खालून जाते. स्वरांमधली मींड सावकाश चढवावी लागते आणि वरच्या स्वरावर पोचल्यावर तो किंचित थरथरवत धरून ठेवावा लागतो. घाई केली की सगळा भाव निघून जातो. वाह पेडल (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलणारे यंत्र) अर्धवट दाबलेल्या स्थितीत ठेवून मी त्या नाकातून आल्यासारख्या आवाजाच्या बराच जवळ पोचलो आहे.

आमच्या गल्लीतला एक मुलगा लग्नसराईत चोपड्याच्या बाजूला एका बेंजो पार्टीत वाजवतो. त्याला मी हे गाणे ऐकवले, तर त्याने दुसऱ्याच ऐकण्यात ती ओळ बेंजोवर काढली आणि म्हणाला, "भाऊ, हाई ते एकच तारवर चाली राहिनं." त्याचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडच्या वरातीत ढोल-ताशाच्या गदारोळावर बेंजो जसा एकटा चाल उचलून धरतो, तसेच काम इथे लीड गिटार करते, आणि खालचा गदारोळ बदलला तरी ते काम बदलत नाही.

'शेड्स ऑफ गॉड' (१९९२) पासून बँड म्युझिक फॉर नेशन्स या कंपनीकडे गेला. हा अल्बम लांबलचक आणि अनेक वळणांचा आहे आणि मला तो काहीसा पसरट वाटतो, मात्र त्याच सत्रातले 'अ‍ॅज आय डाय' पुढची दिशा स्वच्छ दाखवते. 'आयकॉन' (१९९३) मध्ये गाणी आखूड झाली, होम्स गुरगुरणे सोडून दरडावल्यासारखे गाऊ लागला, आणि 'ड्रॅकोनियन टाइम्स' (१९९५) मध्ये ली मॉरिस हा नवा ड्रमर येऊन सगळेच अधिक घोटीव झाले. 'एम्बर्स फायर' माझ्याकडून आता सलग वाजते. त्यात मला सर्वांत अवघड गेला तो एडीचा उजवा हात: इतके साधे आणि इतके नेमके वाजवणे मला अजून पूर्ण जमलेले नाही, आणि जी मंडळी ऱ्हिदमला दुय्यम समजतात त्यांनी हे गाणे एकदा मेट्रोनोम लावून वाजवून पाहावे.

'वन सेकंड' (१९९७) चे शीर्षकगीत पियानोच्या छोट्या आवर्तनावर उभे आहे, आणि तिथून 'होस्ट' (१९९९) फार दूर नाही. ईएमआय या कंपनीसाठी केलेल्या आणि स्टीव्ह लायनने निर्मिलेल्या या अल्बमने जुने श्रोते बिथरले, कारण त्यात डिपेश मोड या ब्रिटिश बँडच्या वळणाचे इलेक्ट्रॉनिक संगीत होते आणि ओळखू येईल अशी भारदस्त गिटार जवळजवळ नव्हती. मी हा अल्बम सलग काही आठवडे ऐकला. 'सो मच इज लॉस्ट' मधली तंतुवाद्यांसारखी ओळ प्रोसेसरचे सगळे परिणाम काढून, साध्या डिस्टॉर्शनवर (गिटारच्या खरखरीत, जड आवाजात) वाजवली, तर ती 'ड्रॅकोनियन टाइम्स' मध्ये सहज खपून जाईल. तीच विलंबित चढण, तोच शेवटच्या स्वरावरचा मुक्काम. म्हणजे मॅकिंटॉशने चाल सोडली नव्हती, वाद्य बदलले होते. २०२३ साली होम्स आणि मॅकिंटॉश यांनी याच अल्बमचे नाव घेऊन 'होस्ट' हा स्वतंत्र प्रकल्प काढला, यावरून त्यांना त्या वळणाची लाज वाटत नसावी, असे मी धरून चालतो.

त्यानंतरची काही वर्षे मी भराभर ओलांडली. 'बिलीव्ह इन नथिंग' (२००१) मला दोन दगडांवर पाय ठेवलेला वाटतो. त्याचे ध्वनिमिश्रण २०१८ मध्ये नव्याने करण्यात आले, आणि ऐकायचाच असेल तर ती आवृत्ती ऐकावी. 'सिम्बल ऑफ लाइफ' (२००२), २००५ सालचा बँडच्याच नावाचा अल्बम आणि 'इन रेक्वियम' (२००७) हे तिन्ही ऱ्हीस फल्बरच्या निर्मितीत झाले, आणि त्यांत गिटार पायरीपायरीने पुन्हा पुढे सरकत गेली.

परतीचा वेग वाढण्यामागे बँडबाहेरची कामे होती. वडिलांच्या निधनानंतर मॅकिंटॉशने व्हॅलनफायर हा डेथ मेटल बँड काढला आणि तिथे स्वतः गुरगुरू लागला. होम्स २०१४ मध्ये स्वीडनच्या ब्लडबाथमध्ये गायक म्हणून गेला. दोघांनी जुनी शस्त्रे बाहेर घासून आणली होती, म्हणून 'द प्लेग विदिन' (२०१५) मध्ये गुरगुरणे परतले तेव्हा ते जुन्या श्रोत्यांची मनधरणी वाटले नाही. 'मेडुसा' (२०१७) हा तर त्यांच्या सर्वांत संथ आणि जड अल्बमांपैकी एक आहे. त्यातल्या 'फिअरलेस स्काय' साठी मी जाड तारांचा संच जळगावात मिळेना म्हणून पुण्याहून मागवला, कारण माझ्या नेहमीच्या तारा या गाण्याच्या इतक्या खालच्या सुरात उतरवल्यावर फ्रेटवर नुसत्या फडफडत होत्या. जाड तारांवर खर्ज नीट बसला, पण मींड दुप्पट कष्टाची झाली, आणि लीडसाठी आता दुसरी गिटार वेगळी लावून ठेवली आहे.

'ऑब्सिडियन' (२०२०) मला या सर्व काळांचा मेळ वाटतो: एका गाण्यात 'गॉथिक'ची घनता आणि दुसऱ्यात १९८० च्या दशकातल्या ब्रिटिश गॉथ रॉकची नाचरी लय. 'आयकॉन'ला तीस वर्षे झाल्यावर २०२३ मध्ये बँडने तो पूर्ण अल्बम नव्याने ध्वनिमुद्रित केला; दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकल्या तर आवाज आणि ड्रम यांतला फरक लगेच कळतो, लीडमधला शोधावा लागतो.

सध्या 'ऑब्सिडियन'मधले 'डार्कर थॉट्स' हाती घेतले आहे. सुरुवातीची अकूस्टिक गिटार माझ्याकडे आहे आणि व्हायोलिनची ओळ तो बेंजोवाला मुलगा बसवतो आहे. लग्नाच्या तारखा संपल्या की दोन्ही एकत्र मुद्रित करून पुढची नोंद लिहीन. 'होस्ट'मधली आणखी दोन गाणी साध्या डिस्टॉर्शनवर कुणी वाजवून पाहिली असतील, तर त्यांनी कोणते ट्यूनिंग वापरले ते जरूर कळवावे.