ऑर्डर जाते तरी कुठं?

नागपुरात इतवारीच्या सराफा ओळीत एका दुकानाचे हिशेब मी पाहतो. लग्नसराईच्या आधी गिऱ्हाईक येतं, थोडी रक्कम जमा करतं आणि आजचाच भाव बांधून घेतं. दागिना द्यायचा दीड-दोन महिन्यांनी. तेवढं सोनं आजच उचललं तर पैसा अडकतो, नाही उचललं आणि भाव चढला तर फरक दुकानाच्या अंगावर. म्हणून एमसीएक्सवर, म्हणजे मुंबईच्या कमोडिटी एक्सचेंजवर, गोल्ड मिनीचा वायदा (आजच्या ठरल्या भावानं पुढच्या तारखेचा सौदा) घेऊन ठेवायचा, १०० ग्रॅमचा एक लॉट, आणि खरं सोनं घेतलं की त्याच दिवशी तो विकून मोकळं व्हायचं. शेठजींचं जुनं खातं जिथं होतं त्यांनी इथलं ऑफिस गुंडाळलं, तेव्हा नवा ऑनलाइन ब्रोकर शोधायचं काम माझ्याकडे आलं.

भाच्याला विचारलं, तो दिवसभर मोबाइलवर हेच करत असतो. तो म्हणाला, "मामा, सगळे एका ऑर्डरचे वीसच रुपये घेऊन राहिले. ॲप आवडलं ते घ्या." दलालीवरून ब्रोकर निवडायचा ही पद्धत मला पटत नाही. समजा सोन्याचा भाव दहा ग्रॅमला १,२०,००० आहे. मिनीचा लॉट झाला १२ लाखांचा. विकताना ०.०१ टक्का सीटीटी हा सरकारी कर लागतो, म्हणजे १२० रुपये, तो ब्रोकर कोणीही असो. भाव नुसता १०० रुपयांनी हलला की एका लॉटमागे १,००० रुपये इकडचे तिकडे होतात. त्यात वीसचे पंधरा केले काय आणि पंचवीस झाले काय!

माझा पहिला प्रश्न वेगळा होता: मी बटण दाबल्यावर ऑर्डर जाते कुठं?

बाहेरच्यांना हा प्रश्न विचित्र वाटेल, इतवारीतल्या माणसाला वाटणार नाही. आपल्या गावात डब्बा नावाचा प्रकार किती वर्षं चालला ते इथल्या जुन्या माणसांना विचारा. २०१६ साली पोलिसांच्या धाडी पडल्या तेव्हा शहरभर चर्चा होती. डब्ब्यात भाव एक्सचेंजचाच दिसतो, सौदाही 'झाला' म्हणून सांगतात, पण तो एक्सचेंजला पोचतच नाही. तो डब्बेवाल्याच्या वहीत राहतो. तुम्ही जिंकलात तर पैसे त्याच्या खिशातून, आणि त्यानं दिले नाहीत तर दाद मागायला जागा नाही, कारण व्यवहारच बेकायदा. आता वहीच्या जागी चकचकीत ॲप आलेत आणि टेलिग्रामवरून लिंक येतात, एवढाच फरक. म्हणून ब्रोकरचं नाव सेबी या बाजार नियामकाच्या आणि एमसीएक्सच्या वेबसाइटवरच्या सदस्य यादीत शोधायचं, आणि पैसे भरायचं बँक खातं ब्रोकरच्याच नावाचं आहे ना ते पाहायचं. यादीत नाव नसेल तर पुढचं काहीच पाहू नका.

खऱ्या ब्रोकरकडे ऑर्डरचा रस्ता असा. मोबाइलवरून ती ब्रोकरच्या सर्व्हरवर जाते. तिथं जोखीम तपासणारी यंत्रणा पाहते की मार्जिन (सौद्यासाठी ठेवलेली अनामत) पुरतं का, लॉट मर्यादेत आहेत का, भाव एक्सचेंजच्या त्या दिवशीच्या पट्ट्यात बसतो का. पास झाली की ती ब्रोकरच्या लाइनवरून एक्सचेंजच्या गेटवेला जाते, तिथं तिला एक्सचेंजचा ऑर्डर नंबर मिळतो आणि ती रांगेत उभी राहते. रांगेचा नियम सरळ आहे: चांगला भाव पुढं, भाव सारखा असेल तर आधी आलेला पुढं. अमेरिकन शेअरबाजारावरचे व्हिडिओ पाहून भाचा मला विचारत होता की ब्रोकर आपली ऑर्डर कोणत्या बाजारात वळवतो. तिथं एकच शेअर बऱ्याच ठिकाणी विकला जातो म्हणून तो प्रश्न येतो. वायदा ज्या एक्सचेंजचा, तिथंच तो जुळतो. एमसीएक्सचा गोल्ड मिनी एमसीएक्सवरच विकावा लागतो.

वेगाचंही फार मनावर घेऊ नये. नागपूर-मुंबई आठशे-साडेआठशे किलोमीटर, फायबरमधून प्रकाशाला चार-पाच मिलिसेकंद लागतात. माझा अंगठा त्याच्या कितीतरी मागं असतो. एक्सचेंजच्या शेजारीच मशीन ठेवून बसणाऱ्यांशी स्पर्धा करायची असेल तर इतवारीत बसून ती होत नाही.

मी तीन ॲपवर गोल्ड पेटल घेऊन पाहिलं. एक ग्रॅमचा वायदा, चाचणीला स्वस्त. बाजारभावाच्या बऱ्याच खाली खरेदीची लिमिट (याहून जास्त भाव देणार नाही अशी ऑर्डर) लावली आणि ऑर्डरचा इतिहास उघडला. एका ॲपमध्ये ओळीनं वेळ दिसली: विनंती मिळाली, तपासणी सुरू, ओपन, आणि शेवटी एक्सचेंजचा लांबलचक नंबर. दुसऱ्यात नुसतंच 'प्लेस्ड'. नंबर होता, पण तीन पानं उलटल्यावर. मग मुद्दाम पट्ट्याबाहेरचा भाव टाकला. पहिल्यानं कारणासकट नाकारलं आणि योग्य पट्टा काय तेही दाखवलं. तिसऱ्यानं 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असा निरोप दिला. सोन्याचा भाव पळत असताना असा निरोप वाचणाऱ्या माणसाचं काय होत असेल!

आता स्टॉप लॉस आणि जीटीटी (गुड टिल ट्रिगर्ड). भाव ठरावीक पातळीला आला की सौदा व्हावा म्हणून या ऑर्डर आधीच लावून ठेवतात. भाचा दोन्ही एकच समजायचा. स्टॉप लॉस ऑर्डर एक्सचेंजला जाऊन तिथंच थांबते. इतवारीत लाइट गेली, वायफाय बसलं, मोबाइल बंद पडला, तरी ती तिथं असते. दिवस संपला की मात्र रद्द होते. जीटीटी बरेच दिवस टिकते, कारण ती ब्रोकरच्या सर्व्हरवर पडून असते. ठरलेला भाव आला की मग ब्रोकर ती पाठवतो. तेव्हा मार्जिन नसेल तर ती नाकारली जाते, आणि ब्रोकरचा सर्व्हरच अडकला असेल तर ती निघतही नाही. एक्सचेंजचा नंबर तिला निघाल्यावरच मिळतो.

स्टॉप लॉसलाही भोक आहेच. ट्रिगर (ऑर्डर जागी होण्याचा भाव) १,१९,५०० आणि लिमिट (याच्या खाली विकायचं नाही तो भाव) १,१९,४५० लावून विकायला ठेवलंय असं समजा. अमेरिकेतले महागाईचे आकडे आपल्याकडे संध्याकाळी सहाला येतात, त्यांच्या हिवाळ्यात सातला. त्या क्षणी भाव १,१९,५२० वरून थेट १,१९,३८० वर उतरला, तर ट्रिगर लागतो, ऑर्डर रांगेत येते आणि १,१९,४५० ला गिऱ्हाईक नाही म्हणून तशीच उभी राहते. स्क्रीनवर 'ओपन' दिसतं आणि भाव खाली जात राहतो. भाच्याला हे कागदावर काढून दाखवलं, तेव्हा त्यानं दोन भावांमधलं अंतर वाढवलं. थोडा जास्त तोटा मान्य करून बाहेर पडायची खात्री विकत घ्यायची, दुसरं काय.

एमसीएक्स रात्री साडेअकरापर्यंत चालतं, हिवाळ्यात ११.५५ पर्यंत. म्हणून प्रत्येक ब्रोकरच्या फोनवरून सौदा करायच्या नंबरवर मी रात्री नऊनंतर फोन लावला. एका ठिकाणी माणूस बोलला, ओळख पडताळली, चार्ज किती तेही सांगितलं. एका ठिकाणी गाणं वाजत राहिलं, ते मी जेवण होईपर्यंत स्पीकरवर ठेवलं होतं.

शेठजींना समजवायला सगळ्यात जड गेलं ते रोजचं एमटीएम, म्हणजे वायद्याचा नफा-तोटा त्या दिवशीच्या भावानं रोज चुकता करणं. भाव पडला की आपण बांधलेलं सोनं पुढं स्वस्त मिळणार, दुकानाचं नुकसान नाही. पण वायद्याचा तोटा मात्र त्याच दिवशी खात्यातून रोख जातो. मार्जिन कमी पडलं की ब्रोकर सौदा कापू शकतो, वर त्याचा चार्जही लावतो. गोल्ड मिनीत डिलिव्हरी सक्तीची आहे, त्यामुळं टेंडरचे (डिलिव्हरीच्या तयारीचे शेवटचे) दिवस लागण्याआधी सौदा पुढच्या महिन्यात ढकलावा लागतो. ब्रोकर या दोन्हींच्या सूचना कधी आणि कशा देतो ते खातं उघडायच्या आधी लेखी मागवलं. दोघांनी उत्तर दिलं.

त्या दोघांकडेही खातं उघडा, असं मी सुचवलं. एकाचं ॲप अडकलं तर दुसऱ्याकडे उलटा सौदा टाकून भाव तरी धरता येतो. शेठजींचा चेहरा बघण्यासारखा होता. "दोन-दोन खाती कायले? पैसा दोन्हीकडं गुंतवायचा का?" मी म्हटलं, हो, थोडासा. दोन लॉटचं मार्जिन मागितलं होतं, एकाचं मिळालं.