जुन्या कुपेचं सस्पेन्शन: आधी बुश, मग स्प्रिंग

चोर्ला घाटाच्या वळणांवर जुनी कुपे (दोन दारांची गाडी) डोलायला लागली की लोक थेट लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग, मागवतात. आधी लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, बघा. रबर फाटलेलं असतं, आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत बोल्ट गंजून बुशच्या आतल्या स्लीव्हला (धातूच्या नळीला) धरून बसतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. घाईत पाना फिरवलात तर बोल्टाचं डोकंच हातात येईल.

नवे बुश बसवल्यावर गाडी जॅकवर असताना बोल्ट पूर्ण आवळू नका. चाकांवर वजन पडल्यावरच शेवटचा टॉर्क (आवळण्याचा पूर्ण जोर) द्या. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. गॅरेजात हे हमखास चुकतं.

मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच खांबात) असेल तर गाडी २५ मिमीपेक्षा खाली नको. आर्मचं बाहेरचं टोक वर गेलं की रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) झपाट्याने खाली येतं आणि गाडी उलट जास्त झुकू शकते. शिवाय आपले गतिरोधक आहेतच! कडक स्प्रिंगला जुना थकलेला शॉक आवरत नाही, स्प्रिंगसोबत शॉकही बदला.

शेवटी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं): रस्त्यासाठी पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल; वरचा भाग आत झुकला की उणे) उणे १ ते १.५ अंश, टो (वरून पाहता चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) जवळपास शून्य. टो-आउट (तोंडं बाहेर) राहिला तर टायर आतल्या कडेने झिजतो.