कनेक्शन सोडवत नाही

दुपारी पेपर चाळताना मधून एका नव्या इंटरनेट कंपनीचं गुळगुळीत पत्रक घरंगळलं. त्यावर एक हसरं कुटुंब, एकाच सोफ्यावर चौघं, चौघांच्या हातात चार स्क्रीन. एकमेकांशी बोलायची वेळ येणार नाही म्हणूनच बहुतेक सगळे खूश. इन्स्टॉलेशन मोफत, राउटर मोफत, पहिला महिना मोफत. खाली मुंगीच्या अक्षरांत 'अटी लागू' आणि 'कर वेगळा'. 399 म्हणायचं आणि 18 टक्के जीएसटी लावून 471 घ्यायचे, हे आता आपल्याला पाठ आहे.

एरवी असली पत्रकं थेट रद्दीत जातात. हे मी फ्रिजला मॅग्नेटखाली लावलं, कारण आमच्या राउटरवरचा लाल दिवा पुन्हा पेटला होता. ज्यांच्या घरी फायबर आहे त्यांना 'एलओएस', म्हणजे 'लॉस ऑफ सिग्नल', ही अक्षरं समजावून सांगायला नकोत. तो दिवा लागला की मुलगा खोलीतून बाहेर येतो (तेव्हाच येतो), नवरा मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून गॅलरीच्या कोपऱ्यात मीटिंगला उभा राहतो आणि सासूबाई आतून विचारतात, "गेलं का गं?" लाइट, पाणी, नेट, काहीही जावो, त्यांचा सूर तोच असतो. त्यांचं दुपारचं कीर्तन यूट्यूबवर असतं आणि बुवा नेमके आख्यानाला लागले की गोल फिरायला लागतं.

डोंबिवलीत ज्यांनी कधी गच्चीवर पापड वाळत घातलेत त्यांना आमच्याकडचं इंटरनेट कसं येतं ते माहीत आहे. आख्ख्या जगाची माहिती समुद्राच्या तळातून वगैरे मोठ्या दिमाखात येते आणि शेवटच्या दोनशे फुटांत समोरच्या इमारतीच्या टाकीच्या पाइपाला सुतळीने बांधलेल्या काळ्या वायरीवरून लोंबकळत आमच्या घरात शिरते. वायरीवर कबुतरं बसतात. पावसाळ्याआधी फांद्या छाटायला माणसं येतात, ती फांदीबरोबर वायरही छाटतात. मग तक्रार, तक्रारीचा नंबर, "आज संध्याकाळपर्यंत", आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायच्या वेळेला बेल.

येणारा मुलगा गेली काही वर्षं तोच आहे. पाठीवर सॅक, कमरेला टॉर्च. गेल्या खेपेला त्याने दारातच, चपलांच्या रॅकवर पसारा मांडला आणि मी भाजी परतायची सोडून बघत उभी राहिले. काळ्या वायरीची साल काढली, आतला पांढरा धागा ओढला. धाग्यावरचं रंगीत आवरण चिमट्याने खरवडलं, तेव्हा उरली ती काच. डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकी बारीक. स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, एका डबीत ठेवून टक्कन कापली. दोन टोकं एका छोट्या मशिनमध्ये समोरासमोर ठेवली आणि झाकण लावलं. इवल्याशा पडद्यावर दोन जाड रेघा हळूहळू एकमेकींकडे सरकल्या, क्षणभर थबकल्या, बारीकशी ठिणगी, आणि दोन्हींची एक झाली. मी नकळत "वा!" म्हटलं. "काकू, यात कचरा गेला ना, तर अख्खं परत करायला लागतं," असं म्हणत त्याने त्यावर नळी सरकवून ती तापवली. कापून पडलेला काचेचा तुकडा मात्र त्याने सेलोटेपला चिकटवून स्वतःच्या खिशात टाकला. पायात गेला तर सापडत नाही म्हणाला. शाळेत पूर्ण आंतरिक परावर्तनाची आकृती आम्ही दोन मार्कांसाठी घोकली होती. ती चपलांच्या रॅकवर भेटेल असं काही बाईंनी सांगितलं नव्हतं.

आता असा मुलगा नव्या कंपनीत नसेल का? असेलच. कदाचित हाच असेल, नुसता टी-शर्ट बदलून. त्यामुळे त्याच्यावरून काही ठरत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, "नेट कुणाचं चांगलं?" हे विचारू नये. ए विंगमध्ये जे सुसाट चालतं त्याला सी विंगवाले शिव्या घालतात. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी ज्याला हात जोडले, त्याचं सहाव्या मजल्यावरच्यांनी वर्षाचं एकदम भरलंय, त्यामुळे ते त्याला चांगलंच म्हणणार. एकाने स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट टाकला, मग पाच जणांनी टाकले. त्यावरून पार्किंगचा विषय कसा निघाला ते मला अजून कळलेलं नाही.

मुलाचं म्हणणं सरळ आहे. "आई, महाग आहे, वरचेवर जातं, बदल." मग 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 100 एमबी नाही, आठाने भाग, साडेबारा, असं गणित त्याने ऐकवलं. मी ऐकलं. या मुलाला 256 ची गंमत माहीत नाही. 2004 च्या ब्रॉडबँड धोरणात 256 केबीपीएस मिळालं की त्याला ब्रॉडबँड म्हणायचं असं ठरलं होतं, आणि पुढच्याच वर्षी बीएसएनएलची ती जोडणी घेतली तेव्हा आम्ही शेजाऱ्यांना फोटो उघडताना बघायला बोलावलं होतं. फोटो वरून खाली उलगडत यायचा. आधी केस, मग कपाळ. त्याआधीच्या डायलअपात फोन अडकून पडायचा, इथे नेट आणि फोन एकाच वेळी चालतो याचंच केवढं कौतुक. रात्री 2 ते सकाळी 8 वापर मोफत असलेला प्लॅन होता. नवरा दोनचा गजर लावून उठायचा, डाउनलोड लावून झोपायचा आणि आठच्या आत बंद करायला पुन्हा उठायचा. एवढी शिस्त त्याने दुसऱ्या कशात दाखवलेली नाही.

मला त्या गजराचं नवल नव्हतं, कारण माझं बालपणही रात्रीच्या स्वस्त दरातच गेलेलं. साताऱ्याला आमच्याकडे फोन नव्हता. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे होता, आणि आमच्या लग्नपत्रिकांवर, बाबांच्या अर्जांवर त्यांचाच नंबर असायचा, पुढे कंसात 'पी. पी.' ही दोन अक्षरं. फोन आला की काकू जिन्यातून हाक मारायच्या. आई पदर सावरत, हात पुसत धावायची, आणि फोनवर बोलून झालं तरी पाच मिनिटं काकूंशी बोलल्याशिवाय खाली यायची नाही. ते भाडंच होतं एक प्रकारचं. बाबांनी आपला नंबर लावला होता. तसा सगळ्यांचाच कशाला ना कशाला लावलेला असायचा: गॅसला, स्कूटरला, फोनला. वर्षं जायची. गॅस आला, स्कूटर आली आणि एके दिवशी फोनची डिमांड नोट, म्हणजे पैसे भरायची चिठ्ठी, आली. बाबांनी ती देवापुढे ठेवली.

फोन काळा होता आणि हातात घेतला की जड लागायचा. आईने हळदकुंकू वाहिलं. मावशीने विणलेला क्रोशाचा रुमाल त्यावर आला आणि डायलच्या भोकात एक चिमुकलं कुलूप. किल्ली बाबांच्या जानव्याला. पुण्याच्या आत्याला फोन लावायचा तर रात्री उशिरा, दर पाव झाल्यावर. आम्ही मुलं अर्धवट झोपेत ओळीने उभी, प्रत्येकाला "कशी आहेस" पुरतं बोलायला मिळायचं. शेजारी फोनची वही. तारीख, कुणाला, किती मिनिटं. आम्ही वहीत खोटं लिहून मैत्रिणींना फोन करायचो, असं लिहायला मला आवडलं असतं, पण कुलूप होतं.

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि रस्तारुंदीत त्या फोनची लाइन गेली. ती परत लागली, गेली, मग गेलीच. तरी बाबा भाडं भरत राहिले. भाऊ वैतागायचा. "बाबा, सरेंडर करून टाकू. डिपॉझिट तरी मिळेल." बाबा म्हणायचे, "असू दे रे. कनेक्शन आहे." त्यांच्या लेखी ती तार मेली होती, कनेक्शन नव्हतं मेलं. इतकी वर्षं वाट बघून मिळालेलं आपल्या हाताने परत द्यायचं म्हणजे पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहायचं, असंच त्यांना वाटत असणार. बाबा गेल्यावर भावाने अर्ज दिला. सोबत इन्स्ट्रुमेंटही द्यायचं होतं. आईने तो रुमाल तेवढा काढून घेतला.

हे मुलाला कसं सांगणार? त्याच्या जगात कनेक्शन गेटवर रंगीत छत्रीखाली बसलेलं असतं आणि "सर, दोन मिनिटं" म्हणत मागे लागतं. मोबाइलचा नंबर 2015 पासून देशभर कुठेही नेता येतो. तारेला तशी सोय नाही, जुनी काढायची आणि नवी ओढायची, पण त्यालाही आता एक दुपार पुरते. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला की टीव्हीपासून सासूबाईंच्या टॅबपर्यंत सगळी यंत्रं आपोआप जोडली जातात, हेही त्यानेच सांगितलं. माझी शेवटची सबब होती ती.

म्हणून मी कंपनीला फोन करून, आवाज चढवून, "बंद करायचंय" म्हटलं. इतकी वर्षं माझी तक्रार यंत्राने ऐकली, एक दाबा, दोन दाबा. आता चक्क माणूस आला, तोही गोड. "मॅडम, तुम्ही आमच्या जुन्या ग्राहक आहात." म्हणजे माहीत होतं तर! मग दर कमी केला, वर स्पीड वाढवून देतो म्हणाला. हे सगळं काल का नव्हतं? नवीन येणाऱ्याला मोफत राउटर आणि आम्हाला दर वर्षी वाढीव बिल. नव्याला जावयाचा पाट आणि जुना घरच्या मुलासारखा, शिळं असेल ते खाणारा. जातो म्हटल्याशिवाय पानात तूप पडत नाही. मला खरं तर इथेच चिडून सोडायला हवं होतं. पण मनातल्या मनात मी हिशेब केला की हे हत्यार दर वर्षी वापरता येईल, आणि जरा बरंही वाटलं.

मुलगा म्हणाला, "मग बदलतेयस ना?"

सहा महिन्यांचं एकदम भरलं तर स्वस्त पडतं, हे दिसत होतं. मी जुन्याचा एकच महिना भरला. पत्रक फ्रिजवरच आहे. त्यावरची ऑफर 30 तारखेला संपते म्हणे. दर महिन्याच्या 30 तारखेला संपते ती.

"पुढच्या महिन्यात पण हेच करणार का तू?"

बहुतेक. फेब्रुवारीत काय करतात ते बघू.