भाव वाढला तेव्हा माल कुणाकडे होता?

मंगळवार, रात्री

आज अभ्यासिकेत दिवसभर क्रिटिकल रीझनिंग, म्हणजे युक्तिवाद तपासायचे प्रश्नच घेऊन बसले. त्यातही युक्तिवाद कमकुवत करणारा पर्याय शोधायचे प्रश्न, बहुतेक अर्थव्यवस्थेवरचे. माझ्याबरोबर बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं हा भाग घाईत उरकतात. मला मात्र त्यातच जीव लागलाय.

एक प्रश्न असा: एका राज्याने सहकारी संघांचा दूध खरेदीदर लिटरमागे ५ रुपयांनी वाढवला. वर्षभरात संघांचं संकलन २० टक्क्यांनी वाढलं. म्हणजे दरवाढीमुळे राज्यातलं दूध उत्पादन वाढलं. आता याला धक्का कशाने बसेल? शहरात दूध महागलं, हा एक पर्याय. संघांचा तोटा वाढला, हा दुसरा. खासगी डेअरीला दूध घालणारे बरेच शेतकरी संघाकडे वळले, हा तिसरा.

शेजारच्या मैत्रिणीने पहिला धरला. महागाई वाईट, हे तिचं खरंच. पण दूध महाग झालं म्हणून उत्पादन वाढलंच नाही, असं कुठे ठरतं? तिसऱ्याने मात्र सांधाच निखळतो. म्हशी तेवढ्याच, दूध तेवढंच, फक्त कॅन दुसऱ्या दारात उतरला. ती म्हणाली, "पण ते खरंच वळले कशावरून?" पर्याय खरा धरूनच चालायचं असतं, हे तिला पटायला वेळ लागला. आणि तो पर्याय निष्कर्ष खोटा ठरवत नाही, त्याच्यावरचा भरवसा कमी करतो, एवढंच त्याचं काम. आकडे तसेच ठेवायचे. आकड्यांपासून निष्कर्षापर्यंत जाताना काय गुपचूप धरून चाललेत, तिथे बोट ठेवायचं.

हे वाचताना मला सारखी तूर आठवते. २०१५च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती. शहरातल्या नातेवाइकांचा फोन आला की हमखास एक वाक्य यायचं, "यंदा तुमची चैन आहे." डाळ महाग, म्हणून तूर पिकवणारा श्रीमंत. ऐकायला किती सरळ! पण तूर निघते डिसेंबर ते फेब्रुवारीत. दिवाळीत भाव चढतो तेव्हा लहान शेतकऱ्याच्या घरात बियाण्यापुरती उरली तरी खूप. माल असतो साठा करणाऱ्यांकडे, गिरण्यांकडे. शिवाय भाव चढला होता तोच मुळी पिकं गेल्यामुळे. आमच्याकडे तर तो दुसरा दुष्काळ होता; पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. आण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा म्हणायचे, "भाव दोनशे होऊ दे नाहीतर चारशे, रानात काय हाय?" त्या युक्तिवादाला याहून नेमकं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही.

मग दुसरा युक्तिवाद आला: गेल्या साली भाव होता, म्हणून यंदा तूर लावा. २०१६ला पाऊस झाला आणि ज्याने त्याने तूर पेरली. भाव तसाच राहील, हे धरून चाललेलं गृहीतक. आणि तोच हिशोब दुसरा शेतकरीही करत असेल, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. देशाचं उत्पादन सुमारे २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांवर गेलं. त्यातच मोझांबिककडून डाळी आणायचा करारही त्याच वर्षी झाला. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये, आणि मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सौदा त्याच्या खाली. हमीभाव केंद्रावर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, नाही म्हणून माप बंद. तुरीचे कट्टे भरलेल्या ट्रॅक्टरखालीच आण्णा रात्री झोपत होते. मी डबा घेऊन गेले होते, तेव्हा पुढची रांग नजरेत मावत नव्हती.

म्हणून मला राग येतो, कुणी एका आकड्यावरून शेतकऱ्याचं बरं चाललंय असं ठरवून टाकलं की. तो आकडा बहुधा खराच असतो. पण तो कुठल्या महिन्यातला, तेव्हा माल कुणाच्या हातात होता, भाव का चढला होता, हे विचारल्याशिवाय निष्कर्षाला हात लावू नये, असं मला मनापासून वाटतं. परीक्षेत याला एक गुण आहे. इथे त्यावर पेरा ठरतो, मुलीची फी ठरते.

झोपायच्या आधी मैत्रिणीसाठी एक प्रश्न लिहून ठेवलाय. २०२१च्या ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास गेलं. म्हणून त्या खरिपात सोयाबीन पेरणाऱ्यांना चांगले पैसे मिळाले. कमकुवत कशाने होईल? पर्याय: एक, सोयाबीनचं तेलही महागलं होतं. दोन, काढणी ऑक्टोबरमध्ये असते, आणि ऑगस्टमध्येच १२ लाख टन सोयापेंड (तेल काढून उरलेली, पशुखाद्यात जाणारी पेंड) आयातीला परवानगी मिळाली. तीन, काही शेतकऱ्यांनी त्या वर्षी कापूस लावला. चार, मागच्या वर्षीचा हमीभाव कमी होता. दुसरा पर्याय तिला लगेच दिसेल. मला तिच्याकडून ऐकायचंय ते वेगळं: तिसरा का चालत नाही.