जावर: मुशींच्या ढिगांवरचं खाणगाव

उदयपूरच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरांत जावर आहे. येणारे बहुतेक जण जावरमातेचं देऊळ, पडकी जैन मंदिरं आणि राणा कुंभाची मुलगी रमाबाई हिने बांधून घेतलेलं विष्णुमंदिर व कुंड बघतात आणि परततात. देवळं चांगलीच आहेत, पण तशी मेवाडात बरीच सापडतील. फक्त इथेच दिसणारी गोष्ट पायाखाली असते: वापरून टाकलेल्या मातीच्या मुशींचे, म्हणजे धातू काढायच्या भांड्यांचे, ढीगच्या ढीग.

हे ढीग जस्त काढण्याच्या कामाचे. तांबं किंवा शिसं भट्टीत वितळून तळाशी जमतं. जस्ताचं तसं नाही. खनिजातून ते सुटं व्हायला १००० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा वर उष्णता लागते, आणि ९०७ अंशांनाच ते उकळतं. म्हणजे सुटं होतं तेच वाफ होऊन. त्या वाफेला हवा लागली की पुन्हा पांढरी भुकटी. उघड्या भट्टीत हाती धूरच लागणार. जावरच्या कारागिरांनी यावर काढलेला तोडगा असा की वाफ बंद मुशीतून खाली उतरवायची आणि हवा न लागू देता थंड करायची.

मूस वांग्याच्या आकाराची, साधारण ३० सेंमी लांब. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या ग्रंथात तिला वृंताक मूषा म्हटलंय. गंधकयुक्त खनिज आधी उघड्यावर भाजून गंधक उडवायचा. हे अर्धवट राहिलं तर पुढची मेहनत वाया. भाजलेली पूड, डोलोमाइट हा चुनखडीसारखा दगड, मीठ आणि कोळसा शेणात कालवून गोळ्या करायच्या, त्या मुशीत भरायच्या, मधोमध एक काटकी खोचायची आणि तोंडाला नरसाळ्यासारखी मातीची नळी लिंपून टाकायची. मग मूस उलटी, तोंड खाली. काटकीमुळे माल खाली घसरत नाही. तापल्यावर ती जळते आणि वाफेला वाट मोकळी होते. फुटक्या मुशीत कडक झालेला गाळ असेल तर त्याच्या मध्यातलं हे भोक अजून दिसतं. ढिगावर गेलात तर आधी ते शोधा.

भट्टी दोन मजली. मध्ये भोकं पाडलेल्या भाजक्या विटा, वर ३६ मुशी सहाच्या सहा रांगांत, आणि नळ्यांची तोंडं खालच्या कप्प्यात. अशा सात भट्ट्या एका ओळीत, म्हणजे एका वेळी २५२ मुशी. वर ११०० अंशांच्या पुढे जाळ, खाली मात्र ५०० अंशांच्या आसपास. खरं कसब खालच्या कप्प्यात होतं. तिथे तापमान ४१९ अंशांखाली गेलं तर जस्त नळीतच गोठतं आणि तोंड बुजतं. फार वाढलं तर वाफेचा द्रवच होत नाही. लिंपण तडकलं की ती मूस गेली. जाळाने मुशीच्या बाहेरून काचेसारखा थर चढायचा, तो एका अर्थी उपयोगीच, कारण मातीची छिद्रं बुजून वाफ आत राहायची. पण एकदा वापरलेली मूस पुन्हा भट्टीत घालण्यासारखी राहत नसे. म्हणून ढीग, आणि म्हणूनच जुन्या घरांच्या भिंतीही याच मुशी रचून उभारलेल्या.

१९८३ मध्ये बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक ही खाण कंपनी यांनी केलेल्या उत्खननात मुशींसकट भट्ट्या जागच्या जागी सापडल्या. के. टी. एम. हेगडे आणि पॉल क्रॅडॉक ही त्या कामातली ठळक नावं. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्ताच्या पद्धतीचं पेटंट १७३८ मध्ये घेतलं, तेही वाफ खाली उतरवण्याचंच. जावरला त्याच्या काही शतकं आधीपासून हे काम मोठ्या प्रमाणावर चालू होतं.

खाणी तर त्याहून जुन्या. आतल्या लाकडी आधारांचं कार्बन-कालमापन इसवी सनापूर्वीच्या शतकांत जातं. तेव्हाचं खोदकाम बहुधा शिसं आणि चांदीसाठी असावं. खडकाला लागून आग पेटवायची, तडे गेले की फोडायचं, ही रीत. अशा जागी भिंती गोलसर आणि गुळगुळीत असतात, छताला काजळी सापडते. सरळ नळीसारख्या भोकांच्या खुणा दिसल्या तर ते काम सुरुंगाच्या काळातलं.

जुनं उत्पादन १९व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बंद पडलं. कारणांत दुष्काळ आहे आणि मेवाडवरच्या मराठ्यांच्या स्वाऱ्याही आहेत. शिंदे-होळकरांचा इतिहास अभिमानाने वाचताना ही बाजू सहसा सुटते. १९४०च्या दशकात खाणकाम पुन्हा सुरू झालं, १९६६ मध्ये ते हिंदुस्तान झिंककडे गेलं, आणि आजही चालू आहे. मोचिया डोंगरात नव्या बोगद्यांनी जुनी विवरं कापली. त्यामुळे जुनी लाकडं हाती आली, जुन्या खाणीचा काही भाग मात्र गेला.

बघायला जाणाऱ्यांनी उघड्या विवरांत उतरू नये. आत खोल कोरडे खड्डे आहेत, कडा ठिसूळ आहेत. आणि आठवण म्हणून मूस उचलून आणू नये. कोणती मूस कोणत्या थरात आहे यावरूनच ढिगाचा काळ ठरतो. घरच्या कपाटात तिचा काळ कुणालाच सांगता येणार नाही.