ट्रेलरच्या डिस्क

होडीच्या ट्रेलरच्या दोन्ही डिस्क, म्हणजे टायर बसतो ती लोखंडी चाकं, या पावसाळ्यानंतर कामातून गेल्या. शापोऱ्याला होडी उतरवताना चाकं खाऱ्या पाण्यात जातातच. गंज टायर बसतो त्या कडेला आतून धरतो, मग हवा टिकत नाही. वरून रंग फासून उपयोग शून्य.

आज म्हापशाला गेलो. दुकानदार एक डिस्क पुढे करत म्हणतो, "पात्रांव, चौदा इंच न्ही? बसतली ही!" अरे बाबा, चौदा म्हणजे नुसता व्यास. बोल्टचं काय? पाच भोकांच्या डिस्कमध्ये भोकासमोर भोक येतच नाही, टेप लावणार कुठे? मग शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर घ्यायचं, मध्यापासून मध्यापर्यंत, आणि १.७०१ ने गुणायचं. मध्य नजरेनं सापडत नाही, म्हणून मी दोन्हीकडे डावी कड धरतो; माप तेच येतं. जुन्या डिस्कवर ६७.२ मिमी भरलं, म्हणजे पीसीडी (सगळ्या बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) ११४.३. त्याची डिस्क १००ची निघाली, दिसायला हुबेहूब!

रुंदीही बाहेरच्या ओठापासून मोजत नाहीत, टायर आत जिथे टेकतो तिथून मोजतात. मधलं भोक हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या ट्रेलरच्या फिरत्या भागावर, बसायला हवं. आणि वजन! होडी, इंजिन, ट्रेलर, सगळं दोनच चाकांवर. डिस्कवरचा लोडचा आकडा वाचल्याशिवाय मी तरी घेत नाही.

शेवटी गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, मिळाल्या. महाग आहेत, पण इथल्या खाऱ्या हवेत दुसरं काय टिकणार? ट्रेलर जॅकवर घेऊन चाक फिरवून पाहिलं, मडगार्डला बोटभर जागा राहते. स्टेपनीची डिस्क सोमवारी येतेय.